होळीत गेलेला दुसरा भाग

मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी भुताची गोष्ट वाचून दाखवली, हे आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं कुणी बाहेरच्याला सांगत नसे. मी सांगते. त्यात लपवण्यासारखं काय आहे हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळत नाही.

आम्ही पिंपळगाव राजाचे. गावाबाहेर आमचा वांगी-मिरचीचा मळा होता, त्यावर घर चालायचं. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण. ही आत्याबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घराचा कारभार तिच्याच हातात. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण आत्याबाईच्या तोंडी अजून जुन्या प्रांताचं नाव, सीपी-बेरारच, होतं. मॅट्रिकपर्यंत मी खामगावला मामाकडे राहून शिकले. परत निघाले तेव्हा मामेबहिणीनं माझ्या पिशवीत एक पातळसं पुस्तक सरकवलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. म्हणाली, घरी गेल्याशिवाय उघडू नको. मी ते जलंबचं स्टेशन यायच्या आत उघडलं.

एका डिटेक्टिव्हच्या मालेतलं ते पहिलं पुस्तक होतं. तेव्हा अशा माला पुष्कळ निघायच्या, पण हा डिटेक्टिव्ह निराळा. तो बोटांचे ठसे बघत नसे, कुणाचा पाठलाग करत नसे. माणूस जिथे मेलं त्या जागी एकटा जाऊन बसायचा आणि मेलेल्या माणसालाच विचारायचा. मेलेलं माणूस खोटं बोलत नाही, पण उत्तर एकाच प्रश्नाचं देतं, अशी त्यातली अट. घाटातल्या एका बंगल्यात एक श्रीमंत बाई मेलेली असते, सगळ्या नातेवाइकांवर संशय असतो. शेवटच्या पानावर हा तिच्या खोलीत बसून कंदील बारीक करतो आणि विचारतो, तुला कुणी मारलं? ती म्हणते, कुणीच नाही, मी जिवंत आहे. बस. खाली बारीक अक्षरात, पुढील हकीकत दुसऱ्या भागात.

आता याला काय म्हणावं? मेलेलं माणूस खोटं बोलत नाही, मग जाळलं ते कुणाला? आणि बाई जिवंत असेल तर बोललं कोण? माझं डोकं भणभणायला लागलं. मिरच्या तोडताना तेच, भाकरी थापताना तेच. मला मुळातच अर्धवट गोष्ट सहन होत नाही. कुणी बोलता बोलता थांबलं तरी मी चिडते. दुसरा भाग कुठे मिळेल म्हणून मी बाबांना प्रत्येक बाजाराच्या दिवशी विचारायची, आणि बाबा वांग्यांच्या पाट्या गाडीत चढवत प्रत्येक वेळी हो म्हणून विसरून यायचे.

माघात मलकापूरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून. तो, त्याचे वडील आणि चुलते असे तिघं पाहायला आले. चालून दाखव, सुईत दोरा ओव, हे सगळं झालं. मग चुलते म्हणाले, पोरगी मॅट्रिक आहे म्हणता, जरा वाचून दाखवू द्या. आमच्या घरात पुस्तक म्हणजे आत्याबाईची पोथी, आणि पोथी नेमकी शेजारी पारायणाला दिलेली. शाळेची पुस्तकं मी येतानाच मामेबहिणीच्या धाकट्या भावंडांना देऊन आले होते.

आत्याबाई आतून म्हणाली, "ते कागद लावेल पुस्तक हाये ना तुव्हं, ते आन."

मी आणलं. उघडलं तर रोजच्या सवयीनं शेवटचंच पान उघडलं गेलं. मग वाचलं. खोली, कंदील, पडद्याची सळसळ, सगळं ठणठणीत आवाजात. म्हातारे दोघं मान डोलवत होते. चुलते म्हणाले, "शुद्ध वाचते. शाळेत चांगल्या कहान्या लावून राह्यले आताशा." मुलगा चहाच्या बशीत तोंड खुपसून बसलेला, त्याचे खांदे हलत होते. मी वाचायची थांबले तसं त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं आणि साऱ्या बैठकीतलं एकच वाक्य बोलला.

"याचा दुसरा भाग आमच्या स्टेशनच्या स्टॉलवर आला हाये."

त्याच्या वडिलांनी कौतुकानं आमच्या बाबांकडे पाहिलं. "पोट्ट्याले वाचायची लय आवड हाये," म्हणाले.

तो मला तिथंच आवडला. हे असं सरळ लिहिताना बरं वाटतं, कारण तेव्हा बोलायची सोय नव्हती. स्थळ जमलं, वैशाखातलं लग्न ठरलं, आणि माझ्या जिवाला दुप्पट घोर लागला. आता एक माणूसही हवं होतं आणि एक पुस्तकही, आणि दोन्ही मलकापूरला.

आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला होळीला सासरहून गाठी येते. साखरेच्या गाठीची माळ, साडी, खण, नारळ, सगळं एका टोपलीत. ती टोपली गल्लीतल्या बायांसमोर उघडायची. मुलीनं पाटावर बसायचं, टोपलीला हात लावायचा नाही, आणि घरातल्या मोठ्या बाईनं एकेक वस्तू वर धरून सगळ्यांना दाखवायची. काय आलं, कसं आलं, ते बायांनी पाहायचं, मग पोरीची ओटी भरायची. मलकापूरहून त्याचे चुलते सकाळच्या एसटीनं टोपली घेऊन आले, चहा घेतला आणि लगेचच्या गाडीनं परतले. दुपारी ओसरीवर बाया जमल्या.

आत्याबाई अशा कामात फार रंगून जायची. गाठी वर धरली, बायांनी वा म्हटलं. साडी उलगडून दाखवली, तिच्या काठावर दोन बायांचा वाद झाला. खण झाला, नारळ झाला. मग तळाशी हात घालून तिनं आणखी काहीतरी काढलं आणि त्याच थाटात, स्वतः न बघता, बायांकडे तोंड करून वर धरलं. पुढे बसलेल्या दोघी मागे सरकल्या. मी पाटावरून मान वाकडी करून पाहिलं. दुसरा भाग होता. मुखपृष्ठावर पांढऱ्या साडीतली, केस मोकळे सोडलेली बाई. साडीखालून पाय दिसत होते, ते उलटे.

माझ्या तोंडून हसू निघालं. त्या वेळी हसणारी मी एकटीच होते.

"हे काय हाये वं माय," आत्याबाईनं पुस्तक फिरवून पाहिलं आणि हातातून खाली टाकलं. "होळीच्या गाठीत भूत धाडलं?"

मी म्हटलं, "भूत नाई, आत्याबाई. म्या त्या दिवशी वाचलं ना, त्याचाच पुढचा भाग हाये तो. त्यायनं मले वाचाले धाडला."

खरं सांगून काम सुधारेल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. आत्याबाईनं माझ्याकडे पाहिलं. "म्हन्जे तुनं पाहुण्यायसमोर हे वाचलं?" आणि मग बायांकडे वळून म्हणाली, "आता काय बोलाचं?"

बोलायला बायांना कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या पुस्तकातल्या डिटेक्टिव्हपेक्षा आमच्या गल्लीतल्या बाया कितीतरी हुशार, कारण त्यांना जागेवर जाऊन बसायचीही गरज पडली नाही. एक म्हणाली, सगळं ठीक असलेला माणूस शुभाच्या टोपलीत असलं काही घालेल का? दुसरी म्हणाली, मुलगा वयानं थोडा मोठा वाटतो, इतकी वर्षं नोकरी आहे तर लग्नाचा थांबला कशासाठी? तिसरीनं पांढऱ्या साडीवर बोट ठेवलं. तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत निकाल लागला. मुलगा बिजवर आहे, पहिली बायको मेली आहे, तिचा जीव घरात घुटमळतो आहे आणि त्याला हे असलं सुचतं.

माझी ओटी भरायची राहिली. संध्याकाळी गावची होळी पेटली तेव्हा आत्याबाईनं शेणाच्या वाळलेल्या चकत्यांच्या, म्हणजे चाकोल्यांच्या, माळेबरोबर ते पुस्तकही आगीत टाकलं. मी पुढे धावणार होते, आईनं दंड पकडून ठेवला. पान न्‌ पान सुटं होऊन जळलं. मी एक ओळसुद्धा वाचू शकले नाही. पुढे त्या मालेचा तिसरा, चौथा, सातवा भाग मी वाचला, दुसरा मात्र मलकापूरलाही नाही, अकोल्यालाही नाही, कुठेच मिळाला नाही. ज्यानं तो वाचला होता त्यानं किती वेळा सांगायचा प्रयत्न केला, मी कानांवर हात ठेवते. ऐकायची गोष्ट नाही ती, वाचायची आहे.

पण त्या आठवड्यात मला पुस्तकाची आठवणही राहिली नव्हती. बाबा चौकशीला मलकापूरला गेले होते, आणि मी घरातून मळ्यात, मळ्यातून एसटीच्या थांब्यावर अशी फिरत होते. हातात काम टिकत नव्हतं. दुधावर लक्ष ठेव म्हटलं तर दूध उतू जायचं. रागही येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. आत्याबाईचा यावा, तर ती माझ्याच भल्याचं बघत होती. त्याचा यावा, तर त्यानं माझं मन ओळखून पाठवलं होतं. आणि बाया खरं बोलत असतील तर? असंही मध्येच वाटायचं, आणि मग मी ताट सारून उठायची.

बाबा परत आले ते थकून. पाय धुतले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "बिजवर नाई हाये."

आत्याबाई म्हणाली, "मंग?"

"दोन वर्षांमांगं एक पोरगी ठरली होती. नांदुऱ्याकडची. लग्नाच्या आठ रोज आंधी तापानं गेली."

"आन हे आपल्याले सांगतलं नाई."

"त्याचे वडील म्हनले, जे झालंच नाई त्या लग्नाचं काय सांगाचं. माह्यावर तापले. पोरावर इश्वास नसन तं साडी वापस धाडून द्या म्हनले."

मग आत्याबाई हळू आवाजात म्हणाली, "पाडव्याच्या आंधी साडी वापस करून टाक. ज्याच्या हातची एक मेली त्याच्या हाती दुसरी देवाची नाई. माह्यासारखं नशीब इच्या कपाळी नको." हे ती रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती रडत होती. आत्याबाईला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात बाबा पाणी धरत होते. मी जाऊन बांधावर उभी राहिले.

"बाबा, साडी वापस करासाठी तुमी जाणार?"

"जा लागन."

"मले संगं न्या. मले त्यायले इचाराचं हाये."

बाबांनी फावडं थांबवलं. "पोरीच्या जातीनं असं जाऊन इचारते काय कोनी?"

"मंग कोन इचारन? बाया इचारतीन? बायायनं तं न इचारताच सांगतलं."

एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवलं. संध्याकाळी त्यांनी आत्याबाईला सांगितलं की पोरीला मामाकडे खामगावला सोडून येतो, इथं तिचा जीव रमत नाही. आईनं माझ्या पिशवीत दशम्या बांधल्या, त्या तिघांना पुरतील एवढ्या होत्या. तिला सगळं कळलं होतं.

नांदुऱ्यापर्यंत एसटी, पुढे रेल्वे. मलकापूरचा मालधक्का म्हणजे नुसती रुईच्या गठाणींची भिंत. हमालांची हाकाटी चाललेली, हवेत कापसाचे तंतू उडत होते, शिंका येत होत्या. तो एका गठाणीवर रंगानं आकडा घालून घेत उभा होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातला रंगाचा डबा हमालानं काढून घेतला, नाहीतर सांडलाच असता. बाबांनी रामराम केला आणि जरा दूर, कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. आमच्याकडे पाठ करून बसले. याहून जास्त कोणता बाप काय करणार होता त्या दिवसांत?

मी लांबण लावली नाही. "गाठीत ते पुस्तक काऊन धाडलं?"

"तुमी अर्ध्यावर थांबल्या होत्या म्हणून." त्यानं घाम पुसला. "टोपली माय भरून राह्यली होती. म्या तळाशी ठेवलं. सगळ्यायसमोर उघडतात ते माह्या ध्यानातच नाई आलं."

"आन ती मेली ते?"

त्यानं गठाणीवरची लोखंडी पट्टी उगाच ओढून पाहिली. "मी तिले पाह्यलंच नव्हतं. माय-बाबा पाहून आले होते. मले बाबा म्हनले, पोरगी चांगली हाये, मी हाव म्हनलं. मंग एक दिवस मानूस आला, पोरगी गेली म्हने. घरात सगळे रडले. मी बी रडलो. पन कोनाले रडून राह्यलो तेच समजत नव्हतं. डोयासमोर चेहराच येत नव्हता." मग म्हणाला, "म्हणून या खेपी म्या सांगतलं, मी स्वतः पाहाले येतो."

माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. माझे डोळे भरून आले. मी त्या मुलीपेक्षा त्याच्यासाठी रडत होते की त्याच्यापेक्षा तिच्यासाठी, हे मलाही सांगता येणार नाही.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

"माहेरचं मले ठाव नाई. कोनी सांगतलंच नाई." तो अडखळला. "आमच्या घरचं सांगू शकतो. आमच्याकडे सुनेचं नाव मायच निवडते. तिच्यासाठी निवडून ठेवलं होतं."

"आन माह्यासाठी?"

त्यानं मान खाली घातली. मला उत्तर कळलं, तरी मी थांबून राहिले. या माणसानं ते तोंडानं बोलावं असं मला वाटत होतं.

"तेच," तो म्हणाला. "मायले ते लय आवडते."

आमच्या भागात तेव्हा लग्नात मुलीचं नाव बदलणं म्हणजे तिच्या गळ्यात मंगळसूत्र घालण्याइतकंच ठरलेलं. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. त्या क्षणी मात्र वाटलं. पुस्तकातल्या उलट्या पायांच्या बाईला मी हसले होते. पण हे खरं होतं. एक मुलगी मेली होती, आणि तिच्या घडीच्या साडीसारखं तिचं नाव ठेवून दिलं होतं, मला नेसवायला.

मी म्हटलं, "मी येईन तुमच्या घरी. पन त्या नावानं नाई येत."

तो काही बोलला नाही. लांबून कुणीतरी त्याला हाक मारली, तो गेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. परत करायला आणलेली साडी ज्या पिशवीत होती, ती मी तशीच उचलून खांद्याला लावली. परतीच्या गाडीत दशम्या खाताना मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "सगळ्यायचंच बदलते. तुह्या मायचं बी बदललं." मी म्हटलं, काय होतं आधीचं? बाबांनी हातातली दशमी खाली ठेवली, आणि मग कबूल केलं की आता आठवत नाही. घरी आल्यावर मी आईला विचारलं. तिनं सांगितलं, आणि भाकरी उलटली.

आत्याबाईशी बाबा त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले. साडी परत गेली नाही. वैशाखात लग्न झालं. आत्याबाईनं सगळं केलं, पण ती दर थोड्या वेळानं येऊन माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघून जायची.

सासरी गृहप्रवेश झाला आणि तांदळाचं ताट पुढे आलं. नवरदेवानं अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं. घर बायांनी भरलेलं. सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या, चेहरा अगदी उजळलेला. मालधक्क्यावर तो काहीच बोलला नव्हता, आणि मधल्या दिवसांत एक शब्द कळवायची सोय नव्हती. त्यानं अंगठी धरली. तांदूळ ताटाबाहेर सांडत होते. त्यानं माझं नाव लिहिलं. माझं, बाबांनी ठेवलेलं.

"चुकलं, चुकलं," बाया म्हणाल्या.

"नाई चुकलं," तो म्हणाला. "हेच राहू द्या, माय."

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून आत गेल्या. त्यांचा अपमान झाला असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं, आणि तेही पहिल्याच दिवशी.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्यांची हाक आली. हाक त्या दुसऱ्या नावानं होती. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. नांदुऱ्याकडच्या त्या पोरीला त्यांनी पाहिलं होतं, तिच्या तोंडावरून हात फिरवून आल्या होत्या, आणि दोन वर्षं ते नाव त्यांच्या ओठांवर राहिलं होतं. हाक मारल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण आत एकदम भांड्यांचाही आवाज थांबला. ओसरीवर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या स्वभावाला धरून मी तिथल्या तिथे काहीतरी फाडकन बोलायला हवं होतं.

मी ओ दिली. आत गेले. सासूबाई चुलीसमोर पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यानंतर त्यांनी मला आयुष्यभर माझ्याच नावानं हाक मारली. त्या नावाची तेवढी एकच हाक झाली, आणि तिला कुणीतरी ओ द्यायला हवी होती.